एका रांगेतले सहा

फलटणहून दहिवडीकडे निघालेली एसटी मोगराळे घाटाशी आली की चालक गिअर उतरवतो आणि घाटमाथ्यापर्यंत गाडीत एकच सूर भरून राहतो. काचा खडखडतात, बाकाचे पत्रे वाजतात, पण त्या सगळ्याच्या खाली इंजिनाचा आवाज सलग असतो. विहिरीवरच्या जुन्या एका सिलिंडरच्या इंजिनाचे ठोके लांबूनही मोजता येतात. मिनिटाला ६५० फेऱ्या धरल्या तर ते सेकंदाला पाच-साडेपाच ठोके देते. १,५०० फेऱ्यांवर घाट चढणाऱ्या एसटीचे इंजिन त्याच सेकंदात ७५ ठोके देते आणि दोन ठोक्यांमध्ये सारखेच अंतर ठेवते. त्या इंजिनात सहा सिलिंडर एकामागे एक उभे असतात. आपल्याकडच्या टाटा आणि लेलँडच्या ट्रक-बसमध्ये अनेक दशके हीच रचना राहिली. म्हणजे महाराष्ट्रातल्या बहुतेक माणसांनी आपल्या आयुष्यातले कितीतरी तास एका रांगेतल्या सहा सिलिंडरांच्या मागे बसून काढले आहेत, आणि ती रचना मात्र फार थोड्यांना माहीत आहे.

फलटणकरांना ती माहीत असायला हवी. लोणंद रस्त्याला, सुरवडी-नांदलच्या औद्योगिक वसाहतीत, कमिन्सची मोठी वसाहत आहे आणि तिथे टाटा कमिन्सचा कारखानाही आहे. जमशेदपूरनंतर या कंपनीने फलटण निवडले. टाटाच्या ट्रक आणि बसला लागणारी ‘बी’ मालिकेतली इंजिने, चार सिलिंडरची आणि सहा सिलिंडरची, इथे तयार होतात. उसाच्या आणि नीरा उजव्या कालव्याच्या या गावाला सहा सिलिंडरचे इंजिन परके राहिलेले नाही. म्हणूनच, घरी गाडी बांधायची हौस असलेल्या माणसाने सहा सिलिंडरचे इंजिन कसे निवडावे, हा प्रश्न इथून विचारायला मला योग्य वाटतो.

घरी बांधलेल्या अशा गाडीला अमेरिकेत हॉट रॉड म्हणतात. १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या पोरांनी जुन्या, हलक्या फोर्ड गाड्या स्वस्तात घेतल्या, मडगार्ड आणि बॉनेट काढून वजन कमी केले, इंजिनावर हात चालवला आणि म्युरॉकसारख्या कोरड्या तळ्यांच्या सपाट पात्रांत त्या पळवल्या. १९३२ मध्ये फोर्डने आठ सिलिंडरचे स्वस्त व्ही-८ आणले आणि बहुतेकांनी तेच धरले. पण शेवरलेच्या आणि जीएमसी ट्रकच्या सहा सिलिंडरवर काम करणारी एक वेगळी मंडळी तेव्हाही होती, आजही आहे.

आपल्याकडे हे वेड नाही असे कोणी म्हणू नये. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका लोहार कारागिराने भंगारातले भाग जोडून छोटी जीप बांधली. चाके रिक्षाची आणि सुरू करायला दुचाकीसारखी किक. २०२१ च्या अखेरीस ती देशभर गाजली, आनंद महिंद्रांनी तिची दखल घेतली आणि जानेवारी २०२२ मध्ये त्या कुटुंबाला बदल्यात नवी बोलेरो मिळाली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये माळरानावर वसवलेली किर्लोस्करवाडी देवराष्ट्रेपासून जवळ. साताऱ्यात कूपरांचा कारखाना १९२२ पासून. आणि शंतनुराव किर्लोस्करांच्या पुढाकाराने १९६२ मध्ये पुण्यात किर्लोस्कर-कमिन्स उभी राहिली, तिचाच वंश पुढे फलटणला आला. या पट्ट्यात लेथ, फौंड्री आणि इंजिन या गोष्टी घरोघरच्या बोलण्यातल्या आहेत.

आता मूळ प्रश्न. सहाच का, आणि एका रांगेतच का?

चार सिलिंडरच्या इंजिनात दोन पिस्टन वर असताना दोन खाली असतात. वाटते की तराजू बरोबर जुळला. पण तो जुळत नाही. कारण क्रँक गोल फिरतो तरी पिस्टन एका चालीने सरकत नाही. कनेक्टिंग रॉड तिरका होतो, त्यामुळे वरच्या अर्ध्या भागात पिस्टन घाईने जातो आणि खालच्या भागात रेंगाळतो. कमिन्सच्या ५.९ लिटर इंजिनाचे उदाहरण घ्या. स्ट्रोक १२० मिलिमीटर, रॉड १९२ मिलिमीटर. क्रँक वरच्या टोकापासून पाव फेरी फिरला की पिस्टन ६० मिलिमीटर उतरला असेल असे आपण समजतो. प्रत्यक्षात तो जवळजवळ ७० मिलिमीटर उतरलेला असतो. चार सिलिंडरच्या इंजिनात हाच फरक एका फेरीत दोनदा सगळ्या पिस्टनांच्या बाबतीत एकाच दिशेने साचतो आणि सगळे इंजिन वर-खाली हलते. चार सिलिंडरच्या डिझेल गाडीत उभ्या गाडीचा आरसा थरथरताना दिसतो, त्यामागे हेही एक कारण असते.

सहा सिलिंडरच्या क्रँकवर जोड्या असतात: पहिला आणि सहावा बरोबर, दुसरा आणि पाचवा बरोबर, तिसरा आणि चौथा बरोबर. या तीन जोड्या एकमेकींपासून १२० अंशांवर. एक जोडी घाईत असते तेव्हा उरलेल्या दोन तिची घाई नेमकी भरून काढतात. फेरीत एकदा येणारा धक्का शून्य होतो, दोनदा येणारा धक्काही शून्य होतो. शिवाय पुढचे तीन सिलिंडर मागच्या तिघांचे आरशातले प्रतिबिंब असल्यामुळे इंजिनाचे नाक वर आणि शेपूट खाली अशी डोलही उरत नाही. हे सगळे कोणताही जादा शाफ्ट, जादा वजन न लावता. तीन-तीनच्या दोन फळ्या करून व्ही-६ बांधले की ही समतोलाची देणगी हातातून जाते. मग ती जादा शाफ्ट लावून अंशतः परत मिळवावी लागते.

ठोक्यांचा हिशेबही असाच. चार स्ट्रोकच्या इंजिनात एक चक्र क्रँकच्या दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत पुरे होते. त्याला सहाने भागा: दर १२० अंशांनी एक स्फोट. एका सिलिंडरचा जोर ओसरायच्या आत दुसऱ्याचा सुरू झालेला असतो. चार सिलिंडरमध्ये हे अंतर १८० अंशांचे, त्यामुळे मध्ये एक क्षण असा येतो की चाकाला ढकलणारे कोणीच नसते आणि फ्लायव्हीलच्या जोरावर वेळ निभावून न्यावी लागते. स्फोटांचा क्रम १-५-३-६-२-४. कोणत्याही ट्रक मिस्त्रीला झोपेतून उठवून विचारा, पाढ्यासारखा म्हणून दाखवेल. एकदा पुढच्या अर्ध्यातला सिलिंडर, एकदा मागच्या अर्ध्यातला, अशी पाळी असल्याने क्रँकच्या एकाच टोकावर भार साचत नाही.

या गुणाची किंमत लांबी आणि वजनात मोजावी लागते. सहा सिलिंडर, सात मेन बेअरिंग, पुढे पंखा आणि पुली, मागे फ्लायव्हील. ब्लॉक लांब, बॉनेट लांब. आणि लांब क्रँक पिळतो. ओला पंचा पिळताना दोन हात उलट फिरवतो, तसे दर ठोक्याला क्रँकचे पुढचे टोक मागच्यापेक्षा किंचित पुढे-मागे जाते. विशिष्ट फेऱ्यांवर हा पीळ वाढत जाऊन क्रँक मोडूही शकतो. म्हणून क्रँकच्या नाकावर रबराने बसवलेले एक जड कडे असते, डॅम्पर. जुने इंजिन घेताना त्या रबराला चिरा पडल्या असतील तर ते बदला. पुली छान दिसावी म्हणून डॅम्पर काढून टाकणारे मी पाहिले आहेत. ते कधीही करू नका.

आपल्या राज्यात हे इंजिन किती जुने आहे? जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना काढला. त्याच सुमारास शेवरलेने चार सिलिंडर सोडून सहा सिलिंडरचे इंजिन आणले होते. पुढे वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ पासून कुर्ल्यात क्रायस्लरच्या परवान्याने डॉज, फार्गो, डिसोटो गाड्या आणि ट्रक बांधले. त्या ट्रकांत सुरुवातीला क्रायस्लरचे सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन आणि नंतर पर्किन्सचे सहा सिलिंडरचे डिझेल असे. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला सुटलेली पहिली एसटी बेडफर्डची होती. बेडफर्डच्या त्या काळच्या बसमध्येही सहा सिलिंडरचेच पेट्रोल इंजिन येई. १९५४ मध्ये टाटा-मर्सिडीजचे ट्रक आले, तेही सहाचेच.

टाटाच्या इंजिनांची नावे वाचायला शिकावे, फार सोपे आहे. ६९२ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९२ मिलिमीटर बोअर. ६९७ म्हणजे सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर. ४९७ म्हणजे चार सिलिंडर, बोअर तोच. सुमोतले ४८३ म्हणजे चार सिलिंडर, बोअर ८३. भंगार बाजारात उभे राहून पाटी वाचली की पोटात काय आहे ते कळते. ६९७ चा स्ट्रोक १२८ मिलिमीटर आणि एकूण क्षमता ५.६७५ लिटर. मर्सिडीजच्या ओएम-३५२ इंजिनाचेही नेमके हेच माप. लेलँडने जुन्या काळी घन इंचांत नावे दिली. लेलँडचे ४०० म्हणजे सुमारे साडेसहा लिटर.

मग घरच्या गाडीसाठी कोणते?

मी आधी गाडीचे वजन विचारतो. माणसे इंजिनापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. जुन्या विलिस जीपचे अख्खे वजन टनभर. तिच्या मूळ चार सिलिंडर इंजिनाची ताकद ६० अश्वशक्ती आणि टॉर्क १४२ न्यूटन-मीटर. कमिन्सचे सहा सिलिंडरचे ५.९ लिटर इंजिन पाणी-तेलासह साडेचारशे ते पाचशे किलोच्या घरात जाते. १९८९ मध्ये अमेरिकेत ते डॉज रॅम पिकअपमध्ये बसवले तेव्हा त्याची ताकद १६० अश्वशक्ती आणि टॉर्क ५४२ न्यूटन-मीटर होता, जीपच्या जवळजवळ चौपट. हे इंजिन जीपच्या चासीवर ठेवले तर पुढचे पाटे बसतील, ब्रेक अपुरे पडतील, पहिल्याच चढावर गिअरबॉक्सचे दात जातील आणि सपाट रस्त्यावरही गाडी वळणावर सरळ जायला बघेल. ६९७ चेही तसेच, वजन चारशे किलोच्या आसपास. ट्रकचे इंजिन ट्रकच्या जिवाला बांधलेले असते.

हलक्या गाडीसाठी आपल्या देशात एक उत्तम सहा सिलिंडर होऊन गेले, आणि त्याची आठवण फार कमी जणांना आहे: जोंगा. जबलपूरच्या लष्करी कारखान्यात १९६९ पासून तीस वर्षे बांधलेली निसानची ही गाडी. तिच्यात ३,९५६ घन सेंटिमीटरचे सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन होते. सैन्याच्या लिलावांतून अनेक जोंगा सामान्य लोकांकडे आल्या. पुष्कळांनी त्यातले पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवले, आणि ती काढलेली इंजिने कुठे कुठे गोदामांत पडून राहिली. स्ट्रोक लांब, कमी फेऱ्यांवर भरपूर ओढ, कार्ब्युरेटर एकच, वाल्व हलवणारी यंत्रणा साधी. कोणत्याही चांगल्या फिटरला समजेल असे. हॉट रॉडला यापेक्षा योग्य भारतीय इंजिन मला दिसत नाही. ते पेट्रोल पिते, हे खरे. पण वर्षाला पाच-सातशे किलोमीटर पळणाऱ्या गाडीला त्याची किती फिकीर करायची? सुट्या भागांचा प्रश्न मात्र खरा आहे. पिस्टन, रिंगा आणि बेअरिंगचा संच हातात आल्याशिवाय इंजिनाचे पैसे देऊ नका.

पेट्रोल इंजिन घेतले तर आणखी एक काम आले. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या काळचे रबरी पाइप, पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरचे सील त्याने सुजतात आणि चिरतात, म्हणून ते सगळे इथेनॉल सोसणारे घालावेत. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे मिश्रण पातळ होते आणि जेट थोडा मोठा करावा लागतो. फलटणला हे समजावून सांगायला नको. गोड ज्वारीपासून इथेनॉल काढण्याचे काम इथल्याच निंबकर कृषी संशोधन संस्थेने बाकीचा देश जागा व्हायच्या कितीतरी आधी हाती घेतले होते.

काँटेसाबद्दल एक गोष्ट सांगतो. हिंदुस्तान मोटर्सची काँटेसा म्हणजे इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरचा सांगाडा. त्याच सांगाड्याची व्हेंटोरा नावाची बहीण इंग्लंडमध्ये ३.३ लिटरच्या सहा सिलिंडर इंजिनासह विकली जात होती. आपल्याकडे त्या लांब बॉनेटखाली आधी दीड लिटरचे छोटे चार सिलिंडर आले आणि पुढे जागा रिकामी राहिली. काँटेसाचे बॉनेट उघडून पंख्यासमोरची ती मोकळी जागा पाहिली की ती कोणासाठी होती हे आता कळेल.

बीएमडब्ल्यूची सहा सिलिंडर पेट्रोल इंजिनेही जुन्या गाड्यांतून मिळतात. हलकी आहेत, ताकदवान आहेत. पण त्यांचा मेंदू, वायरिंग, चावीचे कुलूप, सेन्सर हे सगळे एकत्र उचलावे लागते, आणि त्यातला एक दुवा तुटला तर गाडी अंगणातच उभी राहते. पुण्या-मुंबईत हा धागा उलगडणारा माणूस मिळेल. फलटण, दहिवडी, वडूजच्या गॅरेजात तो मिळेलच असे नाही. गाडी बंद पडल्यावर तासाभराच्या अंतरात कोणाला बोलावता येईल, यावरून इंजिन निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या कसोटीवर फलटणमध्ये कमिन्सचे ‘बी’ इंजिन सगळ्यांच्या पुढे जाते. फक्त कोणत्या पिढीचे, ते नीट ठरवा. आज सुरवडीतून बाहेर पडणारी इंजिने बीएस-६ ची आणि संगणकावर चालणारी आहेत. घरच्या कामाला योग्य ते जुने ५.९ लिटर, ज्याचा इंधन पंप पूर्ण यांत्रिक आहे. टाटाच्या १६१३, २५१५ जातीच्या जुन्या ट्रकांतून ते निघते. सुरू करायला बॅटरी लागते, एकदा सुरू झाले की डिझेल आणि हवा पुरते. टायमिंगला पट्टा नाही, साखळी नाही, लोखंडी दात्यांवर दाते. एका सिलिंडरला दोनच वाल्व. ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचे.

पण त्याला शोभेल असे अंग हवे. जीप नको, मोटार नको, जुन्या ट्रकचे केबिन हवे, आणि खाली त्याला साजेशी चासी.

गिअर आणि हाउसिंगचा, म्हणजे मागच्या डिफरन्शियलचा, हिशेब कागदावर आधीच करा, कारण डिझेल इंजिन अडीच हजार फेऱ्यांच्या पुढे जायला नाखूश असते. समजा चाकाचा घेर २.४ मीटर आहे. ट्रकच्या हाउसिंगचे प्रमाण साधारण ६ धरू, म्हणजे जॉइंट शाफ्टच्या सहा फेऱ्यांना चाकाची एक फेरी. टॉप गिअर सरळ असेल तर २,५०० फेऱ्यांवर गाडी ताशी फक्त ६० किलोमीटर पळेल. एवढा खटाटोप करून बैलगाडीच्या पुढे ट्रॅक्टर इतकाच फरक पडणार. तेच हाउसिंग ३.५ प्रमाणाचे घातले तर वेग १०० च्या थोडा वर जातो, आणि पाचवा गिअर ओव्हरड्राइव्हचा, ०.७५ प्रमाणाचा मिळाला तर १३५ च्या पुढे. मधल्या आकाराच्या ट्रकचा पाच गिअरचा गिअरबॉक्स आणि त्याला कमी प्रमाणाचे हाउसिंग, ही जोडी जमवण्यात इंजिन शोधण्याइतकेच दिवस जातात. तेवढे जाऊ द्यावेत.

इंजिन शक्य तितके मागे सरकवा. मीटरभर लांबीच्या ब्लॉकचा मागचा सिलिंडर केबिनच्या पत्र्यात घुसला तरी चालेल, पत्रा कापून बोगदा करता येतो. पुढच्या आसावर पडणारे वजन जितके कमी, तितके स्टिअरिंग आणि ब्रेक माणसात राहतील. रेडिएटरची जागा मात्र राखा. इंधनातल्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकाकडे जातो, तेवढाच धुराड्यातून आणि उरलेला मुख्यतः पाण्यातून. एप्रिल-मे महिन्यात फलटणचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा सुंदर पण बारीक जाळीमागचा छोटा रेडिएटर दहा किलोमीटरमध्ये उकळेल.

जुने इंजिन बघायला जाल तेव्हा ते चालू करून दाखवायला सांगा. तेल भरायचे झाकण उघडून त्यावर हात धरा. धूर जोरात हाताला लागला तर रिंगा आणि लायनर गेले आहेत. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाची साय, किंवा तेलाच्या दांडीवर दुधाळ थर दिसला तर हेड किंवा गॅस्केटकडे संशयाने बघा. कमिन्सच्या जुन्या ५.९ मध्ये आणखी एक खास खोड आहे. पुढच्या दात्यांच्या घरात एक छोटी पोलादी खुंटी असते, जोडणीच्या वेळी भाग नेमक्या जागी बसावेत म्हणून दाबून बसवलेली. वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी ती हळूहळू बाहेर सरकते आणि एक दिवस फिरत्या दात्यांत पडते. मग दाते आणि घर दोन्ही फुटतात, कधी सगळे इंजिन जाते. पुढचे झाकण उघडून तिच्या तोंडावर एक पत्री बोल्टखाली आवळली की ती कायमची जागेवर राहते. पाव किलो भाजीच्या किमतीच्या पत्रीने लाखाचे इंजिन वाचते. इंजिन गाडीत बसवण्याआधी हे करून घ्या, नंतर करायला अर्धी गाडी उघडावी लागते.

ट्रकच्या इंजिनावर शर्यतीची गाडी बांधणे हा पोरखेळ आहे असे कोणी म्हणाले तर त्याला १९५२ ची गोष्ट सांगा. त्या वर्षी कमिन्सने इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीसाठी आपलेच सहा सिलिंडरचे ६.६ लिटर ट्रक-डिझेल घेतले, टर्बो लावला आणि उंची कमी करण्यासाठी इंजिन जवळजवळ आडवे निजवले. चालक होता फ्रेड अगाबाशियन. पात्रता फेरीत त्याने ताशी १३८.०१० मैल, म्हणजे २२२ किलोमीटरचा वेग गाठला आणि शर्यतीच्या सुरुवातीची पहिली जागा पटकावली. शर्यतीत ७१ व्या फेरीला गाडी थांबली. टर्बोच्या हवेच्या तोंडात धावपट्टीवरचे रबराचे कण अडकले होते. इंजिन शाबूत होते, हवा अडली होती. म्हणून तुमच्याही गाडीत हवेचे तोंड उंच ठेवा आणि फिल्टर मोठा घाला. माण तालुक्याच्या बाजूची धूळ रबराच्या कणांपेक्षा कमी नाही.

आता कायदा, कारण त्यावर गप्प बसून लेख संपवणे चुकीचे होईल. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीच्या कागदावरचा तपशील बनवणाऱ्याने मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हे ठामपणे सांगितले. म्हणजे वेगळ्या जातीचे इंजिन घातलेली घरची गाडी सार्वजनिक रस्त्यावर नेता येणार नाही, हे धरूनच कामाला लागा. २०२१ मध्ये केंद्रीय नियमांत ८१-ए हा नियम आला आणि पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी आणि ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळू लागली. पण तिची अटच अशी की चासी, सांगाडा आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. इंजिन बदलले की ती वाट बंद. अशी गाडी स्वतःच्या शेतात, खासगी जागेत, प्रदर्शनात ट्रेलरवर नेऊन चालवायची. प्रत्येक भागाची पावती, भंगारात काढलेल्या गाडीची नोंदणी रद्द केल्याचा कागद आणि इंजिन क्रमांक वहीत चिकटवून ठेवा. चोरीच्या इंजिनाचा संशय यायला एक हरवलेली पावती पुरते.

यातूनच माझी एक कळकळीची विनंती आहे. कागदपत्रांसह शाबूत असलेली, स्वतःचे मूळ सहा सिलिंडर इंजिन पोटात असलेली कुर्ल्याची डॉज किंवा फार्गो हाती लागली तर तिच्यावर कटर चालवू नका. ती जशी होती तशी उभी करा आणि नियमात बसत असेल तर विंटेज म्हणून नोंदवा. अशा गाड्या आता बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या असतील आणि त्यांच्या खरेपणाची भरपाई कशानेच होणार नाही.

पण इंजिन कधीच विकले गेलेले, कागद नसलेले, एखाद्या साखर कारखान्याच्या मागच्या आवारात बाभळीखाली गंजत पडलेले डॉजचे रिकामे केबिन सापडले, तर माझे उत्तर ठरलेले आहे. त्याला मजबूत चासी, कमी प्रमाणाचे हाउसिंग, मोठा रेडिएटर आणि कमिन्सचे यांत्रिक पंपाचे ५.९ लिटर. हलकी गाडी हवी असेल तर जोंगाचे पेट्रोल इंजिन. तिसरा पर्याय मी शोधणार नाही. डॉज आणि कमिन्स यांची जोडी अमेरिकेत १९८९ मध्ये जमली. आपल्याकडे डॉज कुर्ल्यात बांधली गेली आणि कमिन्सचे घराणे आज फलटणला नांदते आहे. या दोघांमधले अंतर रस्त्याने अडीचशे-तीनशे किलोमीटरचे आहे.